माकडहाडाजवळची खोड

तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरानं मला फसवलं. माझ्या माकडहाडाजवळच्या दुखण्यावर बारक्या छिद्रातून दुर्बिणीनं करायचं ऑपरेशन आहे, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या मेव्हण्याला त्यानं त्याच ऑपरेशनासाठी कलबुर्गीला, म्हणजे आमच्या जुन्या गुलबर्ग्याला, पाठवलं होतं. मला मात्र तोंडावर सांगितलं, की असलं काही नसतं, भरपूर कापावं लागेल आणि तीन महिने पालथं पडून राहावं लागेल. हे मी उडत उडत ऐकून लिहीत नाही. तो मेव्हणा माझ्या शेजारी बाकावर बसला होता, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

मी बैल विकतो. खटकचिंचोळीच्या आसपासची गावं, तालुक्याचे आठवडी बाजार, कधी लांब आळंदपर्यंत. लहानपणी दुसऱ्यांची जनावरं बाजारापर्यंत पायी हाकत नेण्यापासून सुरुवात केली. आज दारात स्वतःची पिकअप आहे आणि गोठा भरलेला असतो. वडिलांनी ठेवलेलं काही नव्हतं, सासऱ्यानं दिलेलं काही नाही. जे आहे ते जीभ आणि डोळे वापरून मिळवलेलं आहे. रागीट आहे असं लोक म्हणतात. असेन.

आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती आधी सांगतो, म्हणजे माझा राग कशाचा ते कळेल. विकणारा आपल्या जनावराची खोड आपणहून सांगत नाही. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. दात बघावेत, खांदा चाचपावा, शेपूट उचलून बघावं, चार पावलं चालवून बघावं, अंगावरचे केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत ते पाहावं. त्याला दिसलं नाही तर दोष त्याच्या डोळ्यांचा. पण त्यानं कासरा हातात धरून सरळ विचारलं, "नांगराला जुंपल्यावर खाली बसतो का?" तर मात्र खरं सांगावं लागतं. तिथं खोटं बोलला तर जनावर परत घ्यायला लावतात, आणि पुढच्या बाजारात त्याच्या टॉवेलाखाली कुणी हात घालत नाही.

टॉवेल यासाठी, की आमचा भाव बोलून ठरत नाही. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात. भोवती माणसं उभी असतात, त्यांना काही कळत नाही. त्यासाठी बसावं लागतं. उभा असलेला माणूस म्हणजे निघालेला माणूस, त्याला कुणी हात देत नाही. आणि मला बसताच येईना झालं.

आमच्याकडचे रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. पिकअप चालवून घरी आलो की कमरेच्या खाली, जिथं कणा संपतो त्या फटीत, खडा रुतल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, गाडीची सीट बसलीय. सीट नवी घातली. खडा तिथंच. मग एकदा पायजम्यावर डाग दिसला, तेव्हा बायकोनं दार लावून घेतलं आणि मला पालथं पाडलं.

"आवं, हितं तर भोवरा हाय की!"

"कसला भोवरा?"

"दोन बारकी भोकं हायेत. सुईनं टोचल्यागत. अन् एकातनं केस बाहीर आलाय."

"केस?"

"व्हय, केस. ओढू का?"

"हात लावू नको!"

शेपटीच्या मुळाशी भोवरा असलेला बैल मी आजवर घेतला नाही. तसला बैल धन्याला लाभत नाही असं लोक मानतात. मी मानत नाही, पण गिऱ्हाईक मानतं, म्हणून घेत नाही. आता तोच भोवरा माझ्याच अंगावर निघाला. बाजारात कळलं असतं तर जन्मभर तेवढंच बोलले असते. बायकोला बजावलं, कुणाला सांगायचं नाही.

ती म्हणाली, "कुणाला सांगू? गल्लीत दवंडी पिटू का, माझ्या नवऱ्याच्या बुडाला भोवरा हाय म्हणून?"

मग तालुक्याला गेलो. त्या डॉक्टराच्या पाटीवर मूळव्याध आणि भगंदर ही दोन नावं लांबून दिसतील एवढ्या अक्षरांत आहेत. मी सांगितलं, "खाली दुखतंय, बसता येत न्हाई." तेवढंच सांगितलं. भोकं, केस, डाग, काही बोललो नाही. बघायचं काम त्याचं होतं. मी बैल घेताना समोरच्यानं सांगायची वाट बघतो का?

तो खुर्चीतून उठला नाही. "मूळव्याध हाय. तिखट बंद करा," म्हणाला आणि मलम, पावडर लिहून दिली.

मी तिखट बंद केलं. ठेचा सोडला, मिरचीचं लोणचं सोडलं, ताटात आळणी वरण घेऊन बसायचो, बसायचो म्हणजे एका मांडीवर कलंडायचो. बायकोला वेगळा स्वयंपाक करावा लागायचा. एक दिवस तवा आपटून ती म्हणाली, "तुमी बैल घेताना शेपूट उचलून बघताव. त्यानं तुमचं बघितलं का?"

"डॉक्टर हाय तो."

"म्हणून न बघता कळायलंय व्हय त्याला?"

मी ओरडलो तिच्यावर. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

त्यानंतर तिथं गाठ आली, लाल झाली, अंगात ताप भरला. मग मात्र त्याला बघावं लागलं. चीर देऊन त्यानं पू काढला. त्या क्षणी एवढं बरं वाटलं, की मी त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो. "झालं, गेलं आता," तो म्हणाला. काही दिवसांनी परत आलं. परत चीर, परत पू, परत "गेलं आता". पहिल्यांदा मूळव्याध म्हणाला होता त्याचं काय झालं, ते ना त्यानं सांगितलं ना मी विचारलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, की आत पिशवी झाली आहे, ती सगळी कापून काढावी लागेल. जखम शिवता येत नाही, उघडीच ठेवायची, रोज इथं येऊन आत पट्टी भरून घ्यायची. तीन महिने. तोवर बसायचं नाही.

पाडवा होऊन गेला होता. पाडव्यापासून मृगापर्यंत आमचं वर्ष असतं. पेरणीच्या आधी ज्याला बैल घ्यायचा तो तेवढ्यात घेतो, मग कोण विचारत नाही. एक हंगाम गेला तर खाऊन पिऊन निभावलं असतं. पण गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाच्या टॉवेलाखाली हात घालायला शिकलं, की ते माझ्याकडं परत कशाला येईल? मी तीस वर्षांत जमवलेले हात तीन महिन्यांत सुटले असते.

म्हणून मी त्याला सरळ विचारलं. टेबलावर दोन्ही हात टेकून विचारलं.

"डॉक्टरसाहेब, ह्याच्यापेक्षा बारकं काही हाय का? दुर्बिणीनं, लेझरनं? हितं नसंल तर गुलबर्ग्याला, सोलापूरला, हैदराबादला?"

"न्हाई. ते सगळं जाहिरातीचं असतंय. हे कापल्याशिवाय जात न्हाई."

"सरळ सांगायलाव न्हवं?"

"डॉक्टर मी हाव का तुमी?"

मी गप्प बसलो. म्हणजे उभाच होतो, पण गप्प झालो. ऑपरेशनाचा वार ठरवून बाहेर पडलो.

तो वार यायच्या आधी एक बाजार होता. म्हटलं, शेवटचा बाजार करून घ्यावा. मन्नाएखेळ्ळीकडचे एक म्हातारे अप्पा माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी माझ्याकडची एक जोडी पसंत केली. दात बघितले, चालवून बघितलं, मग खाली उकिडवे बसले, टॉवेल काढला आणि वर माझ्याकडं बघायला लागले.

"बस की."

"बोला अप्पा, ऐकायलोय."

"उभ्यानं काय सौदा करायलास? गाडी धरायची हाय का?"

"पाठ धरलीय जरा."

अप्पा उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली, बैलाभोवती मारतात तशी. "जरा चालून दाखव," म्हणाले. भोवतीची माणसं हसायला लागली. मी बैलाला बांधायला चार पावलं टाकली तर म्हणाले, "मागनं आखडून टाकायलंय पाय. हे जनावर कुणी फुकट दिलं तरी मी घेणार न्हाई बाबा!"

सगळा बाजार हसला. माझं डोकं फिरलं. "अप्पा, घ्यायचं असंल तर घ्या, न्हाईतर कासरा सोडा!" म्हणालो. त्यांनी कासरा सोडला आणि पलीकडच्याकडून जोडी घेतली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात दुसऱ्याच्या टॉवेलाखाली गेला.

पण माणूस चांगला. जाताना चहाच्या गाड्यापाशी थांबून मला हाक मारली.

"रागावू नको. माझ्या जावयाला असंच झालतं. जेसीबी चालवतंय ते. सीटवर बसलं की आई गं करायचं. मला त्यातलं काही कळत न्हाई, पण गुलबर्ग्याला एक डॉक्टरीण हाय, तिनं बारक्या भोकातनं दुर्बीण घालून केस काढले म्हणं. दुसऱ्या दिवशी घरी आलं."

"केस?" मी म्हणालो.

"केसच म्हणालं बाबा. कुठले केस, कशाचे, ते मी जावयाला कसं विचारू?"

माझ्या तिथल्या केसांची गोष्ट बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हती. मी चहा तसाच ठेवला.

कलबुर्गीच्या बसमध्ये दोन सीट रिकाम्या असताना मी उभ्यानं गेलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, "कूत्कोळ्ळी अण्णा," बसून घ्या म्हणून. बायको म्हणाली, "त्यांचा नवस हाय." दवाखान्यात पोहोचलो आणि आतल्या बाई खरोखरच डॉक्टर आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावर मी दारातूनच मागं वळलो. डॉक्टरीण आहे हे अप्पांकडून ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. बायकोनं बाही धरली.

"बैलाला लाज वाटती का शेपूट उचलल्यावर? चला आत."

बाईंनी नाव-गाव विचारायच्या आधी म्हटलं, "अण्णा, पालथे व्हा." दिवा जवळ ओढला आणि बघितलं. दोन नाहीत, तीन भोकं होती. एक इतकं बारीक होतं की बायकोलाही दिसलं नव्हतं.

"हे मूळव्याध नव्हे," त्या म्हणाल्या. "त्याचा अन् ह्याचा काही संबंध न्हाई. तिखट कुणी बंद करायला सांगितलं तुम्हाला?"

 बायकोनं बैलांच्या धंद्यापासून आळणी वरणापर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. तुटलेले केस त्या फटीत जमतात, घाम असतो, बसून बसून घासतात आणि टोकदार बाजूनं कातडीत घुसतात. आत घुसले की अंग त्यांना परकं समजतं, मग पू होतो. वरून कितीदा चीर दिली तरी आतले केस तिथंच राहतात, म्हणून परत येतं. गाडी चालवणाऱ्यांना, बसून काम करणाऱ्यांना जास्त. एका बारक्या छिद्रातून दुर्बीण आत घालायची, बघत बघत केस ओढून काढायचे, आतली खराब बाजू जाळायची, धुऊन घ्यायचं. बस.

मी सरळ विचारलं, "परत येणार न्हाई न्हवं?"

"येऊ शकतंय," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना येत न्हाई. पण मी छातीवर हात ठेवून सांगणार न्हाई. तिथले केस काढत राहिलात, स्वच्छ ठेवलंत, तर भीती कमी."

"अन् हे सगळ्यांना चालतंय?"

"न्हाई. काहींचं लांबपर्यंत पसरलेलं असतंय, त्यांना कापावंच लागतंय. तुमचं तेवढं झालेलं न्हाई. पण आत्ता सूज हाय, ती गोळ्यांनी उतरू दे, मग करू."

आपल्या मालाची खोड आपणहून सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. तिथंच माझा सौदा झाला. फक्त एका गोष्टीवर घासाघीस केली.

"बसायला कधी? पुढच्या बाजाराला?"

"न्हाई."

"त्याच्या पुढच्या?"

"खुर्चीवर बसाल. उकिडवं न्हाई."

"बरं, उकिडवं, पण थोडा वेळ?"

"अण्णा, हा बैलाचा सौदा न्हवं. दर खाली येणार न्हाई."

बायको हसली. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

ऑपरेशनाच्या दिवशी पाठीत सुई दिली. कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही. पालथा होतो, मान एका बाजूला, आणि समोर एक टीव्ही होता. बाई म्हणाल्या, "बघायचं असंल तर बघा." मी बघितलं. आपल्याच अंगातलं लाल भुयार, वर पाणी वाहतंय, आणि त्यात काळ्या केसांचा जुडगा, कुणी कोंबून ठेवल्यासारखा. बारक्या चिमट्यानं त्यांनी तो ओढला, परत आत गेल्या, परत ओढला. शेवटी स्टीलच्या वाटीत सगळे केस माझ्या तोंडासमोर धरले.

"बघा अण्णा, ही तुमची मूळव्याध."

मी हसलो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा केसांनी मला माणसातून उठवलं होतं.

ते केस नर्सनं बायकोलाही दाखवले. ती म्हणाली, "अगं बाई, ह्यांच्या डोक्यावर तर एवढे न्हाईत!"

संध्याकाळी मी चालत संडासला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी निघालो, भाड्याच्या गाडीत एका कुशीवर झोपून. दुखत होतं, पण ते वेगळं दुखणं होतं, ताज्या जखमेचं, रोज कमी होणारं. आधीचं दुखणं कमी होऊन होऊन परत यायचं, हे नुसतंच कमी होत गेलं. पट्टी म्हणजे वर लावायचा बोटभर कापूस. बायको घरीच बदलायची. आत काही भरायला कुठं जावं लागलं नाही. आणि ठेचा पहिल्याच दिवशी ताटात आला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

केस काढत राहायचे ही अट मात्र बायकोनं मनावर घेतली आहे. उन्हाळ्यात आम्ही म्हशी भादरतो, तशी ती आता मला भादरते. वस्तरा घेऊन म्हणते, "हलू नका, भोवरा उठंल." मी मुकाट पडून राहतो. हे बाजारात कळलं तरी आता मला काही वाटत नाही.

जखम भरल्यावर आधी ओसरीत सतरंजीवर मांडी घातली. हळूच टेकलो, दम धरला. खडा नव्हता. आणखी जोर दिला. नव्हता. दुपारभर तिथंच बसून राहिलो, उगाच. बायकोनं दोनदा विचारलं, काही पाहिजे का. काही नको होतं. बसलो होतो, एवढंच. मग बाईंनी हो म्हटल्यावर, मृगाच्या तोंडावर, बाजारात उकिडवा बसलो. समोर अनोळखी शेतकरी होता, त्यानं टॉवेलाखाली हात घातला, त्याची खरखरीत बोटं माझ्या हाताला लागली, आणि एवढं हलकं वाटलं की पहिला भाव मी चुकीचा दाबला. सावरला नंतर. अर्धा हंगाम गेला, पण अर्धा हाताला लागला. गिऱ्हाइकांनी काय झालं होतं ते विचारलं, मी सगळ्यांना सांगितलं, कुठं जायचं तेही सांगितलं. अप्पांनी पुढच्या वर्षाचा शब्द दिला आहे.

हे इथंच संपलं असतं. मी सुखी होतो. त्या डॉक्टराला विसरायलाही तयार होतो. न बघता औषध दिलं, तर म्हटलं, मीच दाखवलं नाही, त्याला दिसलं नाही, बाजारातल्यासारखं झालं. दुर्बिणीचं माहीत नसेल बिचाऱ्याला, लहान गावात राहतो.

मग शेवटच्या तपासणीला कलबुर्गीला गेलो. बाहेर बाकावर एक तिशीतला माणूस बसला होता, कंपन्यांचा माल मोटारसायकलवरून दुकानदारांना पोचवणारा. मी टेकताना जपून टेकलो ते बघून त्यानं हसून विचारलं, "तेच का?" मी म्हटलं, तेच. त्याचं वर्षापूर्वी झालं होतं, आता सहज दाखवायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या दाजींनी पाठवलं. ते स्वतः डॉक्टर हायेत. म्हणाले, कापून घेऊ नको, तीन महिने जातील, गुलबर्ग्याला दुर्बिणीनं करून घे." कुठले दाजी, म्हणून मी विचारलं. त्यानं गाव सांगितलं, पाटी सांगितली.

वर्षापूर्वी. म्हणजे मी टेबलावर हात टेकून विचारलं, त्याच्या आधी.

परतीच्या बसमध्ये मी बसून आलो आणि तालुक्यालाच उतरलो. त्याच्या दवाखान्यात रांग मोडून आत गेलो, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. त्यानं ओळखलं. "काय, ऑपरेशनाला आलाच न्हाई तुमी?" म्हणाला.

"झालं माझं. गुलबर्ग्याला. तुमच्या मेव्हण्याचं झालं तिथंच."

त्याचा हात पेनावरच थांबला. मग म्हणाला, "बरं झालं न्हवं? मग आता वाद कशाला? बाहेर पेशंट थांबलेत, नंतर या."

बरं झालं, हे खरं आहे. त्याचा मला रोज आनंद होतो, सकाळी उठून बसलो की होतो. पण बाहेर मी येताना बघितलं होतं. बाक रिकामा होता आणि दोन माणसं भिंतीला हात लावून उभी होती. त्यातला एक ट्रकवाला असावा, त्याच्या खांद्यावर टॉवेल होता.

म्हणून मी उठलो नाही आणि दारही लावू दिलं नाही. तिथं जे विचारलं तेच इथं लिहून विचारतो, कारण त्यानं अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर, मी खोड लपवली असेल, पण प्रश्न सरळ विचारला होता. बारकं काही हाय का, म्हणून तीन गावांची नावं घेऊन विचारलं होतं. घरच्या माणसाला जे सांगितलं ते मला कामून सांगितलं न्हाई? आणि बाहेर जे उभे आहेत, त्यांना आज काय सांगायलाव? उत्तर द्या. मला एकट्याला नको, त्यांच्यासमोर द्या.